नव्या विटीचं नवं राज्य : कॉलेज फुटबॉलचा हेड कोच बदलतो तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी २००२ साली एमएस करायला लिंकनला आलो, नेब्रास्का राज्यात, आणि इथलाच झालो. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढ्याच ज्ञानावर आलो होतो. पहिल्याच सप्टेंबरात कळलं की शनिवारी दुपारी इथे भाजी आणायला निघायचं नाही, रस्ते लाल टीशर्टांनी तुंबलेले असतात. तेव्हापासून आमच्या संघाचा सहावा हेड कोच पाहतोय, त्यामुळे या विषयात मी अनुभवी रुग्ण आहे. नोव्हेंबर उजाडला की मंडळातली मंडळी, नवे विद्यार्थी आणि पुण्या-नाशिकहून त्यांचे आईवडील तेच तेच विचारत राहतात. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. खाली ९-३ असं दिसेल तिथे पहिला आकडा विजयांचा, दुसरा पराभवांचा.

१. कॉलेजच्या पोरांचा खेळ. त्याच्या कोचवरून एवढं रामायण कशाला?

कारण नेब्रास्कात व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा, संघच नाही. अलाबामातही नाही. अख्ख्या राज्याला मिळून जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची घरच्या सामन्यांची तिकिटं १९६२ पासून दर वेळी संपत आलीत. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली तर राज्यात सगळ्यात जास्त माणसं त्या एका वास्तूत असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालाला नसतो, कुलगुरूलाही नसतो. फुटबॉल कोचला असतो. आमच्याकडे गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना पंचांगाआधी फुटबॉलचं वेळापत्रक उघडतात. एकदा नाही उघडलं. मोदक दोनशे आणि माणसं चाळीस.

२. क्रिकेटमध्ये कोच बदलला तर एवढं काही बिघडत नाही. इथे हेड कोच असं काय करतो?

क्रिकेटमध्ये संघ निवड समिती निवडते आणि मैदानावर कप्तान चालवतो. इथे हे सगळं हेड कोचच्या हातात. कोणत्या शाळेतल्या कोणत्या पोराला आणायचं, त्याच्या आईला घरी जाऊन काय सांगायचं, कोणाला खेळवायचं, चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी शेवटच्या) जोखीम घ्यायची की चेंडू लाथाडून द्यायचा, सगळं त्याचं. त्याच्या हाताखाली आक्रमणाचा आणि बचावाचा एकेक कोऑर्डिनेटर, शिवाय प्रत्येक जागेसाठी वेगळा कोच. हेड कोच जातो तेव्हा यातले बहुतेक जण सामान बांधतात. म्हणजे बदलतो एक माणूस आणि उठतं सगळं बिऱ्हाड. सगळ्यात मोठी गोष्ट खेळाडूंची. ती प्रश्न ९ मध्ये.

३. हा बदल नेमका कधी होतो?

पूर्वी ठरलेलं होतं. बारा सामन्यांचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात संपला की रविवारी-सोमवारी नारळ. आता तेवढाही दम निघत नाही. पेन स्टेट विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिनला १२ ऑक्टोबर २०२५ ला काढलं. त्याच जानेवारीत हा संघ प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीत खेळला होता आणि सीझन सुरू होताना देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याच महिन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) ब्रायन केलीला घरी पाठवलं.

घाईला कारण आहे. शाळकरी खेळाडूंच्या सह्या आता डिसेंबरच्या सुरुवातीला होतात आणि जानेवारीत इतर कॉलेजांतले खेळाडू घेण्याची मुदत असते. डिसेंबरच्या मध्यावर कोच शोधत बसलात तर बाजार उठल्यावर पिशवी घेऊन निघाल्यासारखं होतं. ऑक्टोबरात काढल्याने नवा कोच चांगलाच मिळतो असं मात्र अजिबात नाही.

४. पहिल्या वर्षी किती विजय धरायचे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याला माझ्याकडून "दहा" ऐकायचं असतं.

निक सेबन २००७ मध्ये अलाबामाला आले तेव्हा पहिलं वर्ष ७-६. त्यात लुइझियाना-मन्रो नावाच्या छोट्या विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर हार. पुढच्या वर्षी १२-२, त्याच्या पुढच्या वर्षी १४-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. निवृत्त होईपर्यंत अलाबामासाठी अशी सहा. आज सेबनचं नाव घेऊन नव्या कोचला झोडपणाऱ्यांना तो मन्रोचा सामना आठवत नाही.

आमचे सध्याचे कोच मॅट रूल तर पहिल्या वर्षी हरण्यासाठीच प्रसिद्ध. टेंपल विद्यापीठात २-१०, मग ६-६, मग दहा विजय. बेलरला १-११, मग ७-६, मग ११-३. नेब्रास्कात २०२३ ला आले तेव्हा ५-७ झालं आणि आम्ही एकमेकांना धीर देत म्हणालो, त्यांची पद्धतच आहे ही, तिसऱ्या वर्षी बघा. तिसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, ७-६. दुसऱ्या वर्षीही ७-६ च होतं. एका माणसाचा दोन ठिकाणचा आलेख तिसऱ्या ठिकाणी तसाच उमटत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

आता माझा आडाखा सांगतो. जुना कोच हरत होता म्हणून गेला असेल, तर पहिल्या वर्षी गेल्या वर्षाच्या आकड्यात एक-दोन मिळवा आणि गप्प बसा. खेळाची पद्धतच बदलणार असेल, तर एक-दोन वजा करा. मिशिगनने २००८ मध्ये रिच रॉड्रिगेझना आणलं. त्यांचं आक्रमण वेगवान, पळणारा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, मागणारं. हातात असलेले खेळाडू दुसऱ्याच साच्यातले. ३-९. मिशिगनसारख्या घराण्यात! तीन वर्षांत १५-२२ होऊन ते गेले.

५. पण इंडियानाला पहिल्याच वर्षी जमलं. मग आमच्या कोचला काय धाड भरलीय?

कर्ट सिग्नेटी यांनी आम्हा सगळ्यांची पंचाईत करून ठेवलीय, हे खरं. इंडियाना म्हणजे तोवर देशातल्या वरच्या फळीत सर्वाधिक सामने हरलेलं विद्यापीठ. २०२३ मध्ये ३-९. सिग्नेटी आले, २०२४ मध्ये ११-२ आणि प्लेऑफ. २०२५ मध्ये १६-० आणि मायामीला २७-२१ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद. आता कुठलाही अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (कोच नेमणारा क्रीडाप्रमुख) "जरा वेळ द्या" म्हणाला की मागून कोणीतरी "इंडियाना" म्हणून ओरडतं.

पण काय घडलं ते नीट पाहा. सिग्नेटी रिकाम्या हाताने आले नाहीत. आधीच्या, जेम्स मॅडिसन विद्यापीठातून त्यांच्यामागे तेरा खेळाडू आले आणि भरवशाचे साहाय्यकही. म्हणजे संघ बांधला नाही, बांधलेला उचलून आणला. नेमणूक झाली तेव्हा वय साठीच्या पुढे, हेड कोच म्हणून कुठेही विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला सीझन नाही, आणि त्याआधी सेबन यांच्या अलाबामातल्या पहिल्या चमूत उमेदवारी केलेली. तुमच्या नव्या कोचकडे यातलं किती आहे ते मोजा. तिशीतला हुशार कोऑर्डिनेटर पहिल्यांदा हेड कोच होत असेल, तर त्याच्याकडून सिग्नेटी मागणं म्हणजे आंब्याची कोय लावून त्याच मे महिन्यात आमरसाचं वाटप जाहीर करणं.

६. पहिलं वर्ष झकास गेलं. आता निर्धास्त व्हायला हरकत नाही ना?

आहे. नव्याचे नऊ दिवस फुटबॉलमध्येही असतात, आणि ते बहुतेकदा जुन्याच्या पुण्याईवर असतात. मिशिगनचंच पुढे पाहा. रॉड्रिगेझ गेल्यावर ब्रेडी होक आले, पहिल्याच वर्षी ११-२, सगळं गाव खूश. मग ८-५, ७-६, ५-७ आणि निरोप. पायरी पायरीने खाली. ते अकरा विजय मुख्यतः रॉड्रिगेझच्याच भरतीवर मिळालेले होते.

उलट बाजूने फ्लोरिडाचा किस्सा. रॉन झूक यांना लोकांनी नेमल्या क्षणापासून नाकारलं; त्यांना काढावं म्हणून वेबसाइट निघाली. २००४ मध्ये ते गेले, अर्बन मायर आले आणि २००६ मध्ये विजेतेपद. त्या विजेत्या संघातले कितीतरी खेळाडू झूक यांनी आणलेले. पहिल्या वर्षाचं श्रेय किंवा खापर नव्या कोचच्या खात्यावर अर्धंच लिहा. ट्रान्सफर पोर्टल (प्रश्न ९) आल्यापासून नव्याचा वाटा वाढलाय, पण पूर्ण अजूनही नाही.

७. मग थांबायचं तरी किती वर्षं?

पूर्वी लोक चार म्हणायचे, कारण चार वर्षांत सगळे खेळाडू नव्या कोचच्या पसंतीचे होत. आता बाहेरून तयार खेळाडू घेता येतात म्हणून तीन म्हणतात. मी अजून चारवालाच आहे. व्हँडरबिल्टचे क्लार्क ली पाहा: २-१०, ५-७, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा २-१०. बहुतेक ठिकाणी तिथेच गाशा गुंडाळला असता. व्हँडरबिल्टने ठेवलं. चौथ्या वर्षी ७-६ आणि त्यात अलाबामावर ४०-३५ असा विजय; पाचव्या वर्षी दहा विजय. त्यात न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेल्या डिएगो पाविया या क्वार्टरबॅकचा मोठा हात होता, हेही सांगायला हवं. एकटा धीर सामने जिंकून देत नाही.

कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धची मोजणी वेगळी असते, आणि तिथेच चाहते सगळ्यात आधी तुटतात. मिशिगनचे जिम हार्बो ओहायो स्टेटकडून पहिले पाचही सामने हरले. मग सलग तीन जिंकले आणि २०२३ मध्ये १५-० करून विजेते झाले. नेब्रास्काचे टॉम ऑसबोर्न, ज्यांना इथे जवळजवळ देवाचं स्थान आहे, तेही १९७३ पासून ओक्लाहोमाकडून सलग पाच वर्षं हरले होते. १९७८ मध्ये एकदाचे जिंकले, आणि त्याच सीझननंतर कोलोरॅडोची नोकरी घ्यावी का याचा विचार करत होते, इतका त्यांना इथल्या कुरकुरीचा वीट आलेला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९४ मध्ये, म्हणजे बाविसाव्या सीझनला. आजच्या काळात ऑसबोर्न १९७७ च्या थंडीतच बेकार झाले असते.

मधल्या काळात विजयांपलीकडे काय बघायचं, असंही विचारतात. मी तीन गोष्टी बघतो. नोव्हेंबरातला संघ सप्टेंबरातल्यापेक्षा बरा दिसतो का. फालतू पेनल्टी कमी होताहेत का. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये आपले लाइनवाले (पुढच्या रांगेत समोरच्यांना भिडणारे धिप्पाड खेळाडू) अजून ढकलताहेत की ढकलले जाताहेत. थोडक्याने हरणं हे मात्र सुधारणेचं लक्षण धरू नका. आम्ही २०२१ मध्ये ३-९ होतो आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने. "पुढच्या वर्षी हे सगळे फिरतील," असं मी छातीठोकपणे सांगत होतो. पुढच्या वर्षी तिसऱ्या सामन्यानंतर कोच गेला.

८. दर वर्षी नऊ विजय मिळतात, पण मोठा सामना जिंकत नाही. अशा कोचला काढावं का?

इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगतो.

ऑसबोर्न १९९७ चं विजेतेपद घेऊन निवृत्त झाले आणि त्यांचे साहाय्यक फ्रँक सॉलिच कोच झाले. सहा सीझनांत ५८-१९. २००१ चा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये ९-३ असताना त्यांना काढलं. सुमारपणाकडे घसरू द्यायचं नाही, असा तेव्हाचा सूर. मी विद्यार्थी होतो, नुकतीच चटक लागलेली, आणि मलाही वाटलं, बरोबर आहे, आपल्याला मोठं व्हायचंय.

बिल कॅलाहन आले. २००४ मध्ये ५-६. १९६१ नंतर पहिल्यांदा हारलेला सीझन, आणि सलग ३५ वर्षं चाललेली बोल सामन्यांची, म्हणजे सीझननंतर चांगल्या संघांना मिळणाऱ्या जादा सामन्यांची, मालिका खंडित. मग बो पेलिनी. सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय, आणि दर वर्षी न चुकता चार पराभव. २०१४ मध्ये बोल सामन्याआधीच त्यांनाही ९-३ वर काढलं; चौथा पराभव त्या सामन्यात झाला. मग माइक रायली १९-१९. मग स्कॉट फ्रॉस्ट १६-३१. हातचं सोडून पळत्याच्या मागे दोनदा धावलो आणि दोन्ही वेळा धापा टाकत रिकाम्या हाताने परत आलो. पेलिनींच्या काळात नऊ विजयांना नाकं मुरडणारी माणसं २०२४ मध्ये सातव्या विजयाला, पिनस्ट्राइप बोल नावाच्या दुय्यम सामन्याला, डोळे पुसत होती. त्यांत मी होतो.

कोलोरॅडोतल्या आणि शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० मधले असे बदल तपासले होते. अगदी वाईट संघांनी कोच बदलला तरी, न बदललेल्या तशाच संघांपेक्षा ते फारसे पुढे गेले नाहीत; आणि मधल्या दर्जाच्या संघांनी बदलला तर पुढची काही वर्षं उलट वाईट गेली.

अपवाद आहेतच. मिशिगनने होकना काढलं आणि हार्बो मिळाले. पण तिथे ५-७ झालं होतं, ९-३ नव्हे. नऊवाल्याला काढायचं असेल तर त्याच्याहून बरा माणूस येतो म्हणालाय का, एवढं आधी विचारा. "बाजारात कोणीतरी असेलच" हे उत्तर आम्ही दोनदा दिलंय.

९. कोच गेला की खेळाडूही जातात का?

जातात, आणि हल्ली घाऊक जातात. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे "मला दुसरीकडे जायचंय" असं नाव नोंदवण्याची यादी. तेव्हा बहुतेकांना कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बसून काढावं लागे. २०२१ पासून एकदा ते माफ झालं, २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा. त्यात २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठच त्यांना थेट वाटा देऊ लागलं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, सगळे खेळ मिळून.

कोच बदलला की त्या संघातल्या खेळाडूंना निघून जायला खास मुदत मिळते. ती पूर्वी ३० दिवस होती, २०२५ च्या शेवटी १५ दिवसांवर आणली. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कोण गेलं याच्या याद्या पाहून उर बडवू नका. कोण येतंय तेही पाहा, आणि मग लाइनवाले किती उरले ते मोजा. क्वार्टरबॅक विकत मिळतो. एकमेकांसोबत दोन वर्षं घासलेले पाच लाइनवाले सहसा मिळत नाहीत.

१०. काढलेल्या कोचला कोट्यवधी डॉलर का देतात? माझ्या मुलीच्या फीमधून का?

करार मुदतीआधी मोडला तर उरलेल्या रकमेचा ठरलेला भाग द्यावा लागतो. यालाच बायआउट म्हणतात. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा तो आकडा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर होता, आणि फिशरनी दुसरीकडे नोकरी धरली तरी त्यातून एक डॉलर वजा होणार नव्हता. फ्रँकलिन यांच्या करारात तशी वजावट होती. ते व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि पेन स्टेटचा मोठा बोजा उतरला. म्हणून बायआउटची बातमी वाचताना आकड्याइतकंच वजावटीचं कलम महत्त्वाचं.

आमचा नमुना ऐका. फ्रॉस्ट यांचं बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला दीड कोटीवरून निम्म्यावर येणार होतं. जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर ११ सप्टेंबरला काढलं. तीन आठवडे कळ काढली असती तर ७५ लाख डॉलर वाचले असते.

फीचं म्हणाल तर मोठ्या विद्यापीठांत हा पैसा टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि धनाढ्य देणगीदारांकडून येतो. लहान विद्यापीठांत मात्र क्रीडा विभागाला विद्यार्थ्यांच्या फीतून खरोखर हातभार लागतो. फीच्या बिलात अ‍ॅथलेटिक्सची ओळ आहे का, एवढं तपासा. असली तर कोचबद्दल मत मांडायचा तुमचा हक्क माझ्यापेक्षा मोठा.

११. आपल्याच विद्यापीठात खेळलेला, आपल्या मातीतला कोच आणला तर?

फ्रॉस्ट आमच्या १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक. राज्यातलेच. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून आलेले. विमानतळापासून गावापर्यंत लेक माहेरी आल्याचा थाट होता. पुढचे आकडे प्रश्न ८ मध्ये आहेत, पुन्हा लिहवत नाहीत. याउलट जॉर्जियाचे कर्बी स्मार्ट आणि मिशिगनचे हार्बो हेही घरचेच, आणि दोघांनी विजेतेपदं आणली. थोडक्यात, मातीने फरक पडत नाही. एकच तोटा पक्का: घरच्या माणसाला काढायला सगळ्यांनाच जड जातं, म्हणून एखादं वर्ष जास्त वाया जातं.

१२. एनएफएल गाजवलेला नामांकित माणूस आला म्हणजे झालं ना?

बिल बेलिचिक, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला पहिला सामना टीसीयूकडून (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून) ४८-१४ ने हरले, सीझन ४-८. डीऑन सँडर्स कोलोरॅडोला: ४-८, मग ९-४, मग ३-९, पहिली दोन वर्षं ट्रॅव्हिस हंटर आणि शेड्यूर सँडर्स हे स्टार खेळाडू होते, नंतर नव्हते. मोठं नाव तिकिटं खपवतं, आणि तेही गरजेचं असतं. विजयांचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा.

१३. आम्ही नाही काढलं, तोच सोडून गेला. याचं दुःख कसं करायचं?

लेन किफिन ३० नोव्हेंबर २०२५ ला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला गेले, संघ ११-१ आणि प्लेऑफच्या दारात असताना, तेही त्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या गटातल्या, प्रतिस्पर्ध्याकडे. हेच किफिन २०१० च्या जानेवारीत एका सीझननंतर टेनेसी सोडून गेले तेव्हा विद्यार्थी रात्री रस्त्यावर उतरले होते. ओल मिसने बचावाचे कोऑर्डिनेटर पीट गोल्डिंग यांच्याकडे संघ दिला आणि तो संघ जॉर्जियाला हरवून उपांत्य फेरीपर्यंत गेला.

राग येतोच, येऊ द्या. पण असा गेलेला कोच मागे चांगला संघ ठेवून जातो, त्यामुळे नव्याकडून अपेक्षा जास्त ठेवायला हरकत नाही. अट एवढीच की खेळाडू टिकले पाहिजेत (प्रश्न ९).

१४. हंगामी कोचने चार सामने जिंकले. त्यालाच कायम करावं का?

क्लेम्सनने २००८ मध्ये डॅबो स्विनी यांना ४-२ वर कायम केलं. पुढे २०१६ आणि २०१८ ची विजेतेपदं. एलएसयूने २०१६ मध्ये एड ऑर्जरॉन यांना ५-२ वर ठेवलं; २०१९ मध्ये १५-०, आणि दोन वर्षांनी निरोप. दोन्ही उदाहरणं लोक मला पाठवतात. कायम होऊन विस्मरणात गेलेल्यांची कोणी पाठवत नाही.

१५. दिग्गज निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्याकडून काय धरायचं?

टीका. सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, वॉशिंग्टनहून केलन डीबोअर आले, ९-४. दुसऱ्या वर्षी प्लेऑफ गाठून एक सामना जिंकले, तरी इंडियानाकडून ३८-३ ने हरले तेव्हा लोकांनी त्यांना बोलायचं बाकी ठेवलं नाही. त्यांची तुलना २००७ च्या सेबनशी केली तर ते पुढे आहेत. पण २००७ चे सेबन कोणाच्या स्वप्नात येतात? आमच्या सॉलिचचंही हेच झालं.

१६. चाहत्यांच्या ओरड्याने निर्णय बदलतो का?

क्वचित, पण बदलतो. २६ नोव्हेंबर २०१७ ला टेनेसीने ग्रेग शियानो यांना नेमायचं जवळपास ठरवलं आणि चाहत्यांचा, राजकारण्यांचासुद्धा, असा उठाव झाला की त्याच दिवशी ते बारगळलं. आठवड्याच्या आत अ‍ॅथलेटिक डायरेक्टरलाही निलंबित केलं. मग आलेले जेरेमी प्रुइट तीन सीझनांनी भरतीतल्या नियमभंगाच्या प्रकरणात गेले. टेनेसीचा सूर लागला तो २०२१ मध्ये जॉश हायपल आल्यावर. पुढच्या वर्षी अलाबामाला ५२-४९ ने हरवलं तेव्हा लोकांनी गोलपोस्ट उपटून टेनेसी नदीत नेऊन टाकले.

१७. हे सगळे आडाखे लागूच पडत नाहीत, असं कधी होतं?

दोन वेळा. एक, नेमणूक अवेळी झाली तर. कॅन्ससने लान्स लायपोल्ड यांना २०२१ च्या एप्रिलअखेरीस नेमलं, वसंतातला सराव उरकत आल्यावर. ते वर्ष २-१० गेलं. मात्र त्यातला एक विजय टेक्सासच्या मैदानावर ५७-५६ असा होता आणि तिसऱ्या वर्षी ९-४ झालं. अशा वेळी पहिलं वर्ष मोजूच नका. दोन, संघावर कारवाई झालेली असताना. पेन स्टेटमध्ये २०१२ साली बोल सामन्यांवर बंदी होती, खेळाडूंना वाट्टेल तिथे जायची मुभा होती आणि बिल ओब्रायन नवे होते. पहिले दोन सामने हरून ८-४. तिथले जुने लोक तो सीझन अजून एखाद्या विजेतेपदासारखा सांगतात.

१८. ज्याला आपण काढा काढा म्हणत होतो, त्या जुन्या कोचचं पुढे काय करायचं?

हा प्रश्न मला एकाच माणसाने विचारलाय, पण दर वर्षी विचारतो. तो माझा शेजारी आहे. २००३ मध्ये सॉलिच जावेत म्हणून पेपरात पत्रं धाडणाऱ्यांपैकी.

सॉलिच इथून ओहायो विद्यापीठात गेले. अ‍ॅथेन्स नावाचं छोटं गाव, मोडकळीला आलेला संघ. सोळा सीझन तिथे राहिले आणि ११५ सामने जिंकले. लिंकनच्या त्या स्टेडियमकडे जवळजवळ वीस वर्षं फिरकले नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये, रूल यांच्या पहिल्या वसंतातल्या सराव सामन्याला, विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावलं आणि ते आले. गारठा होता. सत्तरी उलटलेला बुटका माणूस मैदानावर चालत आला तेव्हा सगळे उभे राहिले. शेजारी माझ्या डावीकडे होता. त्याने हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवायला लागला.